औषध पेशीपर्यंत पोहोचले, रोग्यापर्यंत केव्हा?

वैद्यकशास्त्राच्या प्रगतीचे माप नव्या औषधांच्या संख्येने घेण्याची सवय लोकांना आणि शासनालाही जडली आहे. गेल्या तीन दशकांत मात्र या शास्त्राने जी मोठी मजल मारली, तीपैकी बराच भाग औषध नेमक्या जागी पोहोचविण्याच्या विद्येचा आहे. जुनेच विषारी औषध मेदाच्या अतिसूक्ष्म कणात बंद करून शरीरात सोडावे आणि त्याचा विषारीपणा आवरावा, ही एक दिशा. रोगावर थेट हल्ला न करता शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेलाच चेतवावे किंवा आवरावे, ही दुसरी. या दोन दिशा आज एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्यांच्या संगमावर कर्करोगापासून संधिवातापर्यंत अनेक दुर्धर रोगांच्या उपचारांची आशा उभी आहे. या आशेचे स्वागत करताना एक प्रश्न मात्र टाळता येणार नाही. पेशीच्या दारापर्यंत औषध नेण्याचे कौशल्य ज्या काळाने साधले, त्याच काळात ते औषध परळच्या वा वर्ध्याच्या रुग्णालयातील खाटेपर्यंत का पोहोचत नाही?

वाहनाचा शोध

रोगावर अचूक जाऊन बसणाऱ्या जादूच्या गोळीची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडली होती. तिला वाहन मिळाले ते १९६० नंतर. इंग्लंडमधील अ‍ॅलेक बँगहॅम यांना असे आढळले, की विशिष्ट मेद पाण्यात मिसळले असता त्यांचे आपोआप सूक्ष्म फुगे बनतात. या फुग्यांना लायपोसोम हे नाव मिळाले. त्यांच्या पोकळीत किंवा कवचात औषध भरता येते, हे लवकरच ध्यानात आले. पण प्रयोगशाळेतून बाजारात येण्यास त्यांना तीन दशके लागली. १९९५ मध्ये अमेरिकेत डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या जुन्या औषधाच्या लायपोसोमल रूपाला मान्यता मिळाली. मूळ औषध हृदयाला इजा करते. मेदाच्या कवचामुळे ती इजा बरीच कमी झाली. अशा कणाचा व्यास सुमारे शंभर नॅनोमीटर असतो. माणसाचा केस याच्या कित्येकशे पट जाड असतो, असे म्हटले म्हणजे त्याच्या आकाराची काहीशी कल्पना येईल.

२००५ मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाच्या कणांवर आरूढ झालेले पॅक्लिटॅक्सेल आले. २०१८ मध्ये आरएनएचा तुकडा मेदकणातून यकृतात नेणारे पहिले औषध मंजूर झाले आणि २०२० च्या अखेरीस एम-आरएनए लशींच्या रूपाने हे तंत्र कोट्यवधी लोकांच्या दंडापर्यंत पोहोचले. या लशींचा पाया घालणाऱ्या कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्यातही याच पद्धतीची लस तयार झाली आणि जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. परदेशी लशींना लागणाऱ्या कडक गोठणीऐवजी साध्या शीतकपाटाच्या तापमानात ती टिकते, हे तिचे वैशिष्ट्य होते.

या यशाबरोबर त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सूक्ष्मकण गाठीत आपोआप जाऊन साचतात, असा समज १९८० नंतर दृढ झाला आणि त्यावर हजारो शोधनिबंध लिहिले गेले. २०१६ मध्ये कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतील प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी सरासरी जेमतेम ०.७ टक्के भाग गाठीपर्यंत पोहोचतो, असे दिसून आले. उरलेला मोठा भाग यकृत आणि प्लीहा यांत अडकतो. कारण तेथे बसलेल्या भक्षक पेशी परक्या कणांना गिळून टाकतात. म्हणजे या वाहनाला वाटेत अडविणारा पहारेकरी दुसरा कोणी नसून शरीराची प्रतिकारव्यवस्था हाच आहे.

ही अडचण काही ठिकाणी मात्र वरदान ठरते. काळा आजाराचे परजीवी नेमके या भक्षक पेशींमध्येच दडून बसतात. तेथे मेदकण आपण होऊन गिळला जातो आणि औषध शत्रूच्या घरात शिरते. लशीच्या बाबतीतही प्रतिकारपेशींनी कण उचलावा, हेच अपेक्षित असते. हाडाच्या एका कर्करोगावर युरोपात २००९ मध्ये मंजूर झालेले मिफामुर्टाइड हे तर उघड उघड दोन्ही विद्यांचे अपत्य आहे. जिवाणूच्या कवचातील एका अंशाशी साम्य असलेला रेणू मेदकणात घालून भक्षक पेशींना चेतविण्याचे काम ते करते.

दुधारी शस्त्र

प्रतिकारशक्ती वाढविणे ही सरसकट चांगली गोष्ट आहे, असा समज जाहिरातींनी पसरविला आहे. शास्त्राचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना प्रतिकारपेशी चेतविणारे एक नवे औषध टोचण्यात आले. प्राण्यांमध्ये निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकीच ती मात्रा होती. काही तासांतच सहाही जणांच्या शरीरात प्रतिकारव्यवस्थेचे वादळ उठले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सुदैवाने सर्व वाचले. परंतु नव्या औषधाच्या पहिल्या मानवी चाचणीचे नियम त्यानंतर जगभर कडक झाले.

प्रतिकारव्यवस्थेला चेतविणारी यंत्रणा जशी आहे, तशी तिला लगाम घालणारीही आहे. कर्करोग हा लगाम आपल्या हाती घेतो आणि तो सोडविला तर शरीर गाठीवर तुटून पडते, हे दाखविणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. उलट, शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये यासाठी पहारा देणाऱ्या पेशींचा शोध लावणाऱ्या मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांचा २०२५ मध्ये गौरव झाला. एकाच शास्त्राच्या या दोन बाजू आहेत. केव्हा चेतवावे, केव्हा आवरावे आणि किती, हाच तेथे कळीचा प्रश्न असतो.

या 'किती' आणि 'केव्हा' यांचे मोल २०२० आणि २०२१ या वर्षांनी महाराष्ट्राला फार महाग शिकविले. डेक्सामेथासोन हे प्रतिकारव्यवस्थेला आवरणारे स्वस्त, अनेक दशकांचे जुने औषध. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या सार्वजनिक खर्चाने चाललेल्या चाचणीने असे सिद्ध केले, की रोज ६ मिलिग्रॅम मात्रेने कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील कोविडग्रस्तांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांना मात्र त्याचा लाभ होत नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले. यातील पहिले वाक्य सर्वत्र ऐकले गेले. दुसऱ्याकडे पुष्कळांनी दुर्लक्ष केले. मधुमेहाचे प्रमाण आधीच मोठे असलेल्या या देशात स्टिरॉइडे गरज नसताना, अधिक मात्रेत आणि अधिक दिवस दिली गेली. साखर वाढली, प्रतिकार दबला आणि म्युकरमायकोसिस या बुरशीला मोकळे रान मिळाले. जुलै २०२१ पर्यंत देशात या रोगाचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यातील ४ हजारांहून अधिक दगावले. नोंदलेल्या रुग्णांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. अनेकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले.

परळ आणि पिंपरी

या बुरशीवरचे मुख्य औषध अ‍ॅम्फोटेरिसिन बी. ते बुरशीच्या पेशीचे कवच फोडते, परंतु मूळ स्वरूपात मूत्रपिंडांनाही इजा करते. मेदकणात बंद केले म्हणजे ते पुष्कळ सुसह्य होते. शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनास रोज ५ मिलिग्रॅम या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागतात. आणि हा उपचार कित्येक आठवडे चालतो. एकेका कुपीला हजारो रुपये मोजण्याची तयारी असतानाही मे २०२१ मध्ये नातेवाइकांना शहरोशहरी वणवण करावी लागली. वाटपाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच महिन्यात वर्ध्याच्या एका कारखान्याने अ‍ॅम्फोटेरिसिनच्या मेदयुक्त मिश्रणाचे उत्पादन सुरू केले आणि सुमारे ७,००० रुपयांच्या कुपीऐवजी १,२०० रुपयांची कुपी देण्याची घोषणा झाली, ही त्या अंधारातली एक दिलाशाची बातमी होती.

खेदाची बाब अशी, की हे औषध या राज्याला नवे नव्हते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातील प्रा. बच्छावत यांच्या साहाय्याने लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचे देशी रूप गेल्या शतकाच्या अखेरच्या काळातच विकसित केले होते. महापालिकेच्या रुग्णालयात, सामान्य रुग्णांच्या गरजेतून जन्मलेले हे काम होते आणि ते पुढे देशी बाजारातही आले. त्याहीपूर्वी, १९६० च्या सुमारास, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. थिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे त्याच कुळातील बुरशीनाशक शोधून काढले होते. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी हे गावाचे नाव आजही कोरलेले आहे. पुढे हा कारखाना आर्थिक दुर्दशेत सापडला. बुद्धीचा, प्रयोगशाळेचा किंवा परंपरेचा दुष्काळ येथे नव्हता. तुटलेला होता तो प्रयोगशाळा, कारखाना आणि रुग्णालय यांना जोडणारा पूल.

याला प्रामाणिक उत्तर असे दिले जाईल, की एरवी विरळा असलेल्या रोगाच्या औषधाचे साठे कोणता उत्पादक बाळगणार? अतिशुद्ध फॉस्फोलिपिडे पुरविणारे कारखाने जगातच मोजके आहेत. मागणी एका महिन्यात शतपट वाढली तर कोणाचाही अंदाज चुकेल. हे उत्तर खोटे नाही. पण म्हणूनच असा साठा आणि अशी उत्पादनक्षमता राखणे हे बाजाराचे नव्हे, शासनाचे काम ठरते. धान्याचा साठा व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, हे या देशाला दुष्काळांनी शिकविले. औषधांच्या बाबतीत तोच धडा गिरविण्यासाठी आणखी एका साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.

खासगी उद्योगाला कौशल्य नाही, असे तर मुळीच म्हणता येणार नाही. अमेरिकेतील एका कारखान्याचे उत्पादन थांबल्याने लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा तेथे तुटवडा पडला, तेव्हा २०१२ मध्ये मुंबईच्या सन फार्माने बनविलेले औषध आयात करण्याची परवानगी त्या देशाच्या नियंत्रकांना द्यावी लागली. पुढच्या वर्षी त्याच्या समतुल्य औषधाला रीतसर मान्यताही मिळाली. अमेरिकेची उणीव भरून काढू शकणारा उद्योग स्वदेशाची भरून काढू शकत नसेल, तर दोष तंत्राचा नसून अग्रक्रमाचा आहे.

मात्रेचा प्रश्न

सार्वजनिक संशोधनाचे खरे क्षेत्र कोणते, याचे उत्तर दोन उदाहरणांतून मिळते. पहिले बिहारचे. काळा आजारासाठी साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनची पंधरा सलाइने एक दिवसाआड द्यावी लागत. सुमारे महिनाभर रोग्याचा मुक्काम रुग्णालयात पडे आणि तेवढा काळ घरची मजुरी बुडे. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी ४१२ रुग्णांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लायपोसोमल औषधाच्या एकाच मात्रेने ९५.७ टक्के रुग्ण बरे झाले. महिनाभराच्या उपचाराने बरे होणाऱ्यांचे प्रमाण ९६.३ टक्के होते. एका दिवसात एका महिन्याचे काम झाले. आज काळा आजाराच्या निर्मूलनात या एकमात्रा उपचाराचा वाटा मोठा आहे. त्यासाठीच्या कुप्या मात्र परदेशी कंपनीच्या देणगीतून, जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आल्या. देणगीबद्दल कृतज्ञ असावे, पण तिच्यावर विसंबून राहू नये.

दुसरे उदाहरण मुंबईचे. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा आणि घशाचा कर्करोग ही या देशाची जुनी व्यथा आहे. प्रतिकारव्यवस्थेचा लगाम सोडविणाऱ्या निव्होलुमॅब या औषधाचा त्यावर उपयोग होतो, पण त्याची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असते आणि तिचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी १५१ रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्यांना नेहमीची स्वस्त औषधे आणि उरलेल्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब देण्यात आले. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर ही मात्रा नेहमीच्या मात्रेच्या अठराव्या हिश्श्याइतकी होते. वर्षअखेर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ४३.४ टक्के होते.

या निष्कर्षाचा अतिरेकी अर्थ लावणे चूक ठरेल. अल्प मात्रेची तुलना येथे पूर्ण मात्रेशी झालेली नाही. औषध न मिळण्याशी झालेली आहे. दोन्ही मात्रा तुल्यबळ आहेत, असे या चाचणीवरून म्हणता येत नाही. परंतु ज्याला पूर्ण मात्रा कधीच परवडणार नाही, त्याच्यापुढे पर्याय तरी कोणता असतो? शिवाय, असा प्रश्न विचारण्याची प्रेरणा औषध विकणाऱ्याला नसते, हे उघड आहे. अठरा कुप्यांऐवजी एक पुरेशी आहे काय, याचा शोध घेण्यावर कोणतीही कंपनी पैसा खर्च करणार नाही. तो प्रश्न सार्वजनिक रुग्णालयानेच विचारायचा असतो आणि त्याचा खर्च जनतेच्या तिजोरीनेच उचलायचा असतो.

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कर्करोगाच्या तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ करण्यात आले. त्यात प्रतिकारव्यवस्थेवर काम करणारे एक औषधही होते. ही सवलत योग्यच होती. पण लाखो रुपयांच्या किमतीतून शुल्काचा अंश वजा केल्याने शेतमजुराच्या आवाक्यात काही येत नाही. मात्रेवरील एका चांगल्या चाचणीने जे साधते, ते शुल्कमाफीने साधणार नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून जन्मलेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या देशी कार-टी उपचाराने परदेशी किमतीच्या तुलनेत खर्च पुष्कळ खाली आणला, तोही याच कारणाने. किंमत हा तेथे नंतरचा हिशेब नव्हता. संशोधनाच्या पहिल्या दिवसापासूनचा तो प्रश्न होता.

शासनाचे काम

यातून काही निष्कर्ष निघतात. पहिला, योग्य मात्रा आणि योग्य कालावधी शोधणाऱ्या चाचण्यांसाठी कायमचा निधी हवा. एखाद्या संस्थेच्या देणगीदारांवर आणि डॉक्टरांच्या चिकाटीवर हे काम सोडून चालणार नाही. अशा चाचण्यांचा निष्कर्ष जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्याची व्यवस्थाही तिच्यासोबत आली पाहिजे. २० मिलिग्रॅमची मात्रा ४० मिलिग्रॅमच्या कुपीतून दोघांना देता येते. पण दोघांना एकाच दिवशी बोलावण्याचे नियोजन आणि निर्जंतुक मिश्रणाची सोय नसेल, तर अर्धी कुपी वाया जाते आणि बचतही जाते.

दुसरा, सार्वजनिक पैशातून निघालेले तंत्र उद्योगाला देताना पुरवठ्याची अट घातली गेली पाहिजे. आणीबाणीत किती कुप्या, किती दिवसांत आणि कोणत्या कमाल दराने मिळतील, हे करारातच नमूद असावे. परळची हाफकिन ही राज्य शासनाची औषधनिर्मिती संस्था अशा कठीण औषधांच्या राखीव उत्पादनासाठी सज्ज केली, तर त्या करारामागे बळही उभे राहील.

तिसरा निष्कर्ष गुणवत्तेसंबंधी आहे. साध्या गोळीत तोच रेणू असला म्हणजे ती मूळ औषधाच्या बरोबरीची मानता येते. मेदकणांचे तसे नाही. कणाचा आकार, मेदाचे मिश्रण किंवा औषध झिरपण्याचा वेग यांत फरक पडला, तर तेच औषध शरीरात वेगळे वागते. केंद्राने २०१९ मध्ये अशा औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, हे चांगले झाले. पण तत्त्वे कागदावर राहू नयेत, यासाठी त्या कसोट्या लावू शकणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा आणि दुष्परिणामांची नोंद करणारे प्रशिक्षित हात हवेत. स्वस्त औषध विश्वासार्ह नसेल, तर गरीब रोगी दोनदा नाडला जातो.

पेशीच्या आवरणातून औषध आत कसे न्यावे, याचे कोडे शास्त्रज्ञांनी अर्धशतक झुंजून बरेचसे सोडविले आहे. मंत्रालयाच्या फायलीतून, कारखान्याच्या हिशेबातून आणि बाजाराच्या दरातून ते रोग्याच्या खाटेपर्यंत कसे न्यावे, हे कोडे त्याहून सोपे असले पाहिजे. कारण तेथे निसर्गाशी नव्हे, माणसांनीच केलेल्या व्यवस्थेशी गाठ आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात डोळा गमावलेल्या माणसांना अजूनही या व्यवस्थेकडून उत्तर येणे आहे. पुढच्या साथीपूर्वी ते तयार ठेवणे, हीच शासनाच्या आरोग्यधोरणाची खरी परीक्षा ठरेल.